कापूस निघाल्यावरचा ट्रॅक: खान्देशातल्या एका मोटरस्पोर्ट क्लबचे प्रकरण

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मोटरसायकलवाल्या पोरांच्या टोळक्याची नोंदणीकृत संस्था झाली आणि पुढे त्या संस्थेने स्वतःचा ट्रॅक उभा केला. त्याची ही नोंद. क्लबचे, गावाचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही, ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशीलही बदलले आहेत. निर्णय मात्र जसे झाले तसेच ठेवले आहेत, कारण असे काम हाती घेणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग झाला तर त्यांचाच होईल.

पार्श्वभूमी

संध्याकाळी एका गॅरेजसमोर जमणारी पंधरावीस जणांची मंडळी हीच क्लबची सुरुवात. त्यात दोन मेकॅनिक, ठिबकच्या कारखान्यात नोकरी करणारा एक, केळीच्या गाड्या भरणारा एक, एक माध्यमिक शिक्षक आणि बाकी शेतकऱ्यांची मुले. गाड्या म्हणाल तर जुन्या आरएक्स १००, सेकंडहँड इम्पल्स आणि नंतर एक्सपल्स. सराव गिरणेच्या कोरड्या पात्रात चाले. रात्री उशिरा महामार्गाच्या चौपदरीकरणातल्या, वाहतुकीला अजून न उघडलेल्या पट्ट्यावरही चाले, आणि गडबड तिथेच झाली. सार्वजनिक ठिकाणी शासनाच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गाडी अल्पवयीन मुलाच्या हातात सापडली तर पालकाला पंचवीस हजारांचा दंड वेगळा. पोलीस ठाण्यातून बोलावणे आले तेव्हा साहेबांनी गुन्हा नोंदवला नाही, पण "जागा शोधा, नाहीतर बंद करा" एवढे स्पष्ट सांगून पाठवले.

मग शिक्षकांनी पुढाकार घेऊन संस्था नोंदवली: १८६० चा संस्था नोंदणी कायदा, १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा, धर्मादाय कार्यालयात हेलपाटे. ते सचिव झाले, केळीवाले दादा अध्यक्ष झाले आणि ठिबकवाला खजिनदार. नोंदणीमुळे पोरांना शिस्त लागली असे म्हणता येणार नाही, पण बँकेत खाते निघाले आणि इतिवृत्त लिहायची सवय लागली. या नोंदीतला बराचसा मजकूर त्याच इतिवृत्तांतून घेतला आहे.

डांबर की माती

ट्रॅक म्हटल्यावर अध्यक्षांच्या डोळ्यापुढे डांबर होते. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची गोष्ट ते बैठकीत पुन्हा पुन्हा सांगत. १९५३ साली सुरू झालेला क्लब, शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर वर्षानुवर्षे शर्यती आणि मग १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक. त्यांनी केले, मग आपण का नाही? त्या क्लबला स्वतःच्या ट्रॅकपर्यंत पोहोचायला साडेतीन दशके लागली, हा भाग सांगताना गळत असे.

पहिले जवळजवळ एक वर्ष याच वादात गेले. कोल्हापूरला जाऊन कार्टिंगचा डांबरी ट्रॅक पाहून आले आणि परतल्यावर सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्याकडून अंदाज काढून घेतला. त्यांनी आकडे मांडण्याआधी एकच प्रश्न विचारला: जमीन कुठली? काळी. मग त्यांनी कागदावर सरळ गुणाकार केला. एक किलोमीटर लांब, आठ मीटर रुंद, आणि काळी माती काढून मुरूम भरायचा तर किमान एक मीटर खोल. म्हणजे आठ हजार घनमीटर, सुमारे २,८०० ब्रास मुरूम, आणि त्यावरचे गौण खनिजाचे स्वामित्वधन. हे सगळे खडीचा पहिला थर पडायच्या आधी. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि एप्रिलात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नुसते तिच्यावर अंथरलेले डांबर दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंतही टिकत नाही. तालुक्यातले रस्ते बघितले की हे कुणाला सांगावे लागत नाही.

दोन्ही मेकॅनिक पहिल्यापासून मातीच्या ट्रॅकच्या बाजूने होते. मोटोक्रॉस, सुपरक्रॉस, डर्ट ट्रॅक, म्हणाल ते. मातीवर वेग कमी राहतो, पडणारा बहुधा घसरतो, उंचवटे जेसीबीने हवे तसे बदलता येतात आणि उद्या जमीन परत करायची वेळ आली तर नांगर फिरवून देता येते. डांबर मातीखाली गेले ते या शेवटच्या मुद्द्यामुळे, कारण तोवर एक गोष्ट पक्की झाली होती: जमीन विकत मिळणार नाही. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि संस्था काही शेतकरी नव्हे.

जागेचे पर्याय

धुळ्याजवळची गोंदूरची धावपट्टी कुणीतरी सुचवली. शोलावरमचा दाखला होताच. पण ती विमानांसाठी आहे आणि तिथे अर्ज करणे म्हणजे वर्ष घालवणे, असे म्हणून विषय संपला. एमआयडीसीचा भूखंड परवडण्यातला नव्हता. सरपंचांनी गायरान दाखवले. त्यांचा हेतू चांगला होता, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर राज्य शासनानेही त्याच वर्षी गायरान देण्यावर कडक निर्बंध घातले आहेत. ग्रामसभेचा ठराव असला तरी तो तिथे टिकला नसता.

सातपुड्याच्या पायथ्याशी एक सुंदर उताराची जागा मिळत होती, भाडेही नाममात्र. सातबारा काढला तर जमीन आदिवासी खातेदाराची. अशी जमीन बिगरआदिवासीला पट्ट्याने देण्यासाठीसुद्धा जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. "तोंडी ठरवू, कोण बघतंय" असे म्हणणारे क्लबमध्ये होते. सचिवांनी ते इतिवृत्तात लिहून घेतले आणि खाली "नामंजूर" लिहून सही केली. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच. कारण केवळ कायद्याचे नाही, उद्या वाद झाला असता तर झळ त्या खातेदाराला आधी लागली असती.

एका शिक्षण संस्थेची पडीक जागा महामार्गाला लागून होती. विश्वस्त तयार होते. पण विश्वस्त संस्थेची बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी हवी. शिवाय शाळा त्याच आवारात. शाळेभोवतीचे शंभर मीटर ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकते. पर्याय बाद.

राहिली आप्पांची बरड. नाल्याकाठची, वर हातभर माती आणि खाली मुरूम. ज्वारीसुद्धा धड येत नव्हती. आप्पांचा मुलगा क्लबात गाडी चालवायचा, हे एक कारण. दुसरे कारण आप्पांनीच सांगितले: "पडून राहण्यापेक्षा काही येतंय ना. पण माझी माती मला परत पाहिजे." वरचा मातीचा थर काढून बांधाला वेगळा ढीग करून ठेवायचा, ही अट त्यांनीच घातली.

अकरा महिन्यांचा करार दरवर्षी नवा करावा असे अध्यक्षांचे म्हणणे होते. मुद्रांक वाचतो आणि नोंदणीची कटकट नाही. सचिवांनी पाच वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा धरून लावला. मातीकामात पैसा घालायचा आणि हातात अकरा महिन्यांचा कागद ठेवायचा, हे त्यांना पटेना. झाले सचिवांच्या मनासारखे. ग्रामपंचायतीची ना हरकत त्यामानाने लवकर मिळाली. सरपंच म्हणाले, शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, आम्ही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढतो, डॉक्टर ठेवतो, बॅरिकेड लावतो, तुम्हीही तसंच करा. क्लबने पटाच्या अर्जाचाच नमुना समोर ठेवून आपला अर्ज लिहिला. अकृषिक वापराचा अर्ज मात्र रेंगाळला. जेसीबी महिन्याच्या भाड्याने ठरलेला, कागद तहसीलमध्ये. दीड महिना मशीन उभी राहिली आणि त्याचे भाडे बसले.

माती आणि पाणी

ट्रॅक एक किलोमीटरचा आणि साधारण सहा मीटर रुंद आखला. उंचवट्यांसाठी माती लागणार होती. शासनाच्या योजनेतून जवळच्या तलावाचा गाळ निघत होता आणि त्यातल्या दहावीस ट्रॉल्या सहज मिळाल्या असत्या. खजिनदार अडला. तो गाळ शेतासाठी आहे, आपण उड्या मारायला नेला तर गावात तोंड दाखवता येणार नाही. त्याऐवजी त्याने सुचवले की जागेतच शेततळे खोदू. वीस बाय वीस मीटर, तीन मीटर खोल, उताराच्या कडा धरून पावणेनऊशे घनमीटर माती निघते. ती उंचवट्यांना, आणि खड्ड्यात पावसाळ्यात पावणेनऊ लाख लिटर पाणी. खोदकामाचे तहसीलमध्ये विचारून घेतले आणि आत ५०० मायक्रॉनचे प्लास्टिक अंथरले.

पण हे तळे पहिल्या पावसाळ्यानंतर भरणार होते आणि क्लबला घाई होती. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरवाशिणी येतात, बाहेरगावी नोकरीला गेलेले परततात, गावात गर्दी असते. तेव्हा उद्घाटन करायचे असे अध्यक्षांनी ठरवून टाकले. इतिवृत्तात त्यावर चर्चा दिसत नाही, नुसता ठराव दिसतो.

मातीच्या ट्रॅकला पाणी हे सुरक्षेचे साधन आहे, हे तोवर मंडळींनी वाचले होते, अनुभवले नव्हते. हिशेब असा: सहा हजार चौरस मीटरवर पाच मिलिमीटर पाणी म्हणजे तीस हजार लिटर, दहा हजार लिटरचे तीन टँकर. एप्रिल-मेच्या खान्देशी उन्हात वरचा थर लवकरच सुकतो. दुपारच्या सत्राला पुन्हा तीन. त्याच आठवड्यात शेजारच्या दोन वाड्यांना पिण्याचे पाणी टँकरने चालू झाले होते. क्लबने विकतचे दोन टँकर कसेबसे मिळवले आणि तेही पहाटे, कुणी बघू नये अशा बेताने, आणले. अर्थातच सगळ्यांनी पाहिले.

आप्पांच्या विहिरीवर शेतीपंपाची जोडणी होती. खजिनदाराने ती वापरू दिली नाही. शेतीच्या दराची वीज दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली आकारणी आप्पांच्या नावावर निघते, क्लबच्या नाही. पुढे डिझेल इंजिन भाड्याने आणले.

आखाजीचा रविवार

सकाळच्या फेऱ्या ठीक झाल्या. अकराच्या सुमाराला नवशिक्यांचा गट सुटला. तिसऱ्या फेरीत नाल्याकडच्या वळणावर एवढी धूळ होती की मागच्याला पुढच्याचा फक्त आवाज येत होता. वळणानंतर 'डबल' होता, म्हणजे लागोपाठ दोन उंचवटे आणि मधे खड्डा. वेग कमी पडला की गाडी मधल्या खड्ड्यात आदळते. एक मुलगा तसाच पडला. उंचवट्याच्या माथ्यावर पिवळा झेंडा घेऊन उभा असलेला पोरगा झेंडा हलवत होता, पण धुळीतून तो कुणाला दिसला नाही. मागून आलेल्याने उडी घेतली आणि पडलेल्याच्या हातभर बाजूला उतरला. त्याचे खांद्याजवळचे हाड मोडले. आधी पडलेला खरचटण्यावर निभावला.

१०८ ला फोन केला. रुग्णवाहिका आली, पण ती तालुक्याच्या ठिकाणाहून येणार, तेवढा वेळ मुलगा आंब्याखाली खाटेवर बसून होता. त्याचे वडील गर्दीतच होते. ते काही बोलले नाहीत. गर्दीतल्या बाकीच्यांनी मात्र बोलायचे ते बोलून घेतले.

त्या संध्याकाळच्या बैठकीत तीन ठराव झाले आणि ते आजतागायत पाळले जातात. एक, खासगी रुग्णवाहिका जागेवर उभी असल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही. ती जखमीला घेऊन गेली तर परत येईपर्यंत सगळे थांबायचे. दुसरा, 'डबल' मधला खड्डा भरून त्याचा टेबलटॉप करायचा, म्हणजे उडी अपुरी पडली तरी गाडी सपाटीवरच उतरते. तिसरा, झेंडेवाल्यापासून पुढचा झेंडेवाला दिसत नसेल तर सत्र बंद. वळणांच्या बाहेर जुन्या टायरांच्या रांगा होत्याच, त्यांच्यापुढे भुसा भरलेली पोती लावली.

उन्हाळा तिथेच संपवला. पावसाळ्यात दोन उंचवटे वाहून गेले. त्यांतला एक निव्वळ मुरमाचा होता, ढिसाळ. दुसरा निव्वळ काळ्या मातीचा, तो आधी चिकटला, मग फुटला. दिवाळीआधी निम्मी काळी, निम्मा मुरूम असे मिसळून पुन्हा बांधले.

याच सुमारास आप्पांनी कामात हात घातला. पोरे पाणी मारून लगेच गाड्या फिरवत होती आणि ट्रॅकचा चिखल होत होता. आप्पा म्हणाले, वाफसा येऊ द्या. आदल्या दिवशी रोटाव्हेटर फिरवून माती चार बोटे मोकळी करायची, संध्याकाळी तुषार संचाने भिजवायची, रात्रभर मुरू द्यायची आणि सकाळी मूठ वळून पाहायची: गोळा झाला पाहिजे आणि बोटाने दाबल्यावर फुटला पाहिजे. मग ट्रॅक्टरमागे लाकडी फळी लावून एक हात फिरवायचा. त्या रविवारी दुपारपर्यंत धूळ उठली नाही.

शेजारचा कापूस

पाण्याचा प्रश्न सुटला असे वाटत असतानाच नोव्हेंबरात शेजारचे नाना बांधावर येऊन उभे राहिले. सत्र दुपारी लांबले होते आणि वारा त्यांच्या शेताकडे होता.

"गाड्या तुम्हन्या पयतस, धूय मना कापूसवर बसस."

बोंडे फुटलेली, दुसरी वेचणी तोंडावर. खेडा खरेदीचा व्यापारी मूठभर कापूस उचलतो, बोटांनी पसरतो आणि भाव तिथेच ठरतो. धुळकट माल म्हणजे भाव पाडायला त्याला आयते कारण. नानांचा दावा अतिशयोक्त होता असे क्लबमधले काहीजण अजूनही म्हणतात. मी तो ढीग पाहिला होता. बांधाकडच्या चारपाच ओळींचा कापूस खरोखरच मातकट होता.

तीन मार्ग समोर होते. नुकसानभरपाई द्यायची, हा अध्यक्षांचा. क्विंटलमागे किती फरक पडला हे कोण ठरवणार, आणि एका नानांना दिले की नाल्यापलीकडचे चार नाना येणार, म्हणून तो मागे पडला. बांधावर हिरवी शेडनेट लावायची, हा दुसरा. खर्च आवाक्यातला होता, पण जोराच्या वाऱ्यात ती टिकली नसती. तिसरा मार्ग सचिवांनी मांडला आणि तो कुणालाच आवडला नाही: कापूस शेतात असेपर्यंत ट्रॅक बंद.

हंगामाचे गणित मांडल्यावर पर्याय उरला नाही. जून ते सप्टेंबर पाऊस. ऑक्टोबर ते डिसेंबर वेचणी. मार्चच्या मध्यानंतर पाणी नाही. सुदैवाने गुलाबी बोंडअळीमुळे फरदड (वेचणीनंतरही लांबवलेले कापसाचे पीक) घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाट्या (कापसाची झाडे) उपटून शेत मोकळे करा, असा कृषी विभागाचा सल्ला असतो आणि त्या शिवारात बहुतेकजण तो पाळतात. म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, दहा रविवार. तळ्यातले पाणीही बाष्पीभवन वजा जाता तेवढ्यालाच पुरते. दहा रविवारांसाठी पाच वर्षांचे भाडे भरायचे का, यावर बैठक रात्री उशिरापर्यंत चालली. दोघांनी क्लब सोडला. ठराव बहुमताने झाला.

गावाची दुसरी तक्रार आवाजाची आहे असे क्लब धरून चालला होता, म्हणून सायलेन्सर काढलेल्या गाड्यांना बंदी घातली होती. शिक्षकांनी घरोघर विचारले तेव्हा वेगळेच निघाले. ट्रॅकवरचा आवाज कुणाच्या फारसा डोक्यात नव्हता. ट्रॅककडे येताना-जाताना पोरे गावातल्या रस्त्यावर एका चाकावर गाडी चालवत, शाळेसमोर रेस करत, त्याचा राग होता. तेव्हापासून नियम आहे: ट्रॅकची गाडी छोटा हत्ती किंवा पिकअपमधून येईल आणि तशीच जाईल. स्वतः चालवत आणली तर त्या दिवशी प्रवेश नाही. अध्यक्षांच्या पुतण्याला पहिल्याच रविवारी परत पाठवले, त्यानंतर नियमाबद्दल कुणी विचारले नाही.

सध्याची स्थिती

दोन पूर्ण हंगाम झाले आहेत. त्यांत हातपाय मोडण्याइतका अपघात झालेला नाही. सराव शुल्कातून रुग्णवाहिका, डिझेल आणि ट्रॅक्टर निघतो, भाडे निघत नाही. ते सभासद वर्गणीतून जाते. तिघा सभासदांनी सुरुवातीला मातीकामाला हातउसने दिलेले पैसे अजून फिटलेले नाहीत आणि त्याचा लेखी कागद नाही, हा क्लबमधला सर्वांत नाजूक विषय आहे. फेब्रुवारीत क्लबअंतर्गत स्पर्धा होते. त्या दिवशी मोकळे झालेले आपले शेत नाना पार्किंगला देतात आणि पैसे स्वतः गोळा करतात.

काय वेगळे करता आले असते

डांबराच्या वादात गेलेले वर्ष वाचवता आले असते. अभियंत्याला शेवटी नेले, तो पहिल्या आठवड्यात न्यायला हवा होता. त्याचा गुणाकार एका पानाचा होता.

जागा ठरवताना सातबारा, रस्ता, शाळेपासूनचे अंतर सगळे तपासले, शेजारच्या बांधापलीकडे काय पिकते आणि कधी निघते हे तपासले नाही. शेतकऱ्यांच्या पोरांच्या क्लबने हे विसरावे याचे मला अजूनही नवल वाटते. शिवारातल्या पिकांचे बारा महिने आणि पाण्याचे बारा महिने एका कागदावर आधी मांडले असते तर दहा रविवारांची गोष्ट करारापूर्वी कळली असती आणि भाडे त्या हिशेबाने ठरवता आले असते. हंगामापुरते भाडे हा पर्याय आप्पांसमोर कधी ठेवलाच गेला नाही.

आखाजीचे उद्घाटन टाळता येत होते का? होते. तळे भरायला एक पावसाळा थांबायचे होते. पण वर्षभर पैसा घालून बसलेल्या सभासदांना काहीतरी दाखवायची निकड अध्यक्षांवर होती, हेही खरे. निदान पिण्याचे टँकर चालू असलेल्या आठवड्यात पाणी विकत आणू नये, एवढे तरी कुणीतरी ठामपणे म्हणायला हवे होते.

हातउसन्या पैशांचा कागद आजही करता येईल. सचिव तो विषय दर बैठकीत कार्यक्रमपत्रिकेवर घेतात आणि दर बैठकीत तो वेळेअभावी पुढे जातो.

पुढचा निर्णय जवळ आला आहे. राज्य पातळीची स्पर्धा घ्यायची तर देशातल्या मोटरस्पोर्टची मान्यताप्राप्त संघटना एफएमएससीआय हिच्याकडून तपासणी करून घ्यावी लागेल, आणि नाल्याकडच्या वळणाबाहेर पडलेल्या गाडीला थांबायला पुरेशी मोकळी जागा नाही. तिथे ट्रॅक आत घ्यायचा तर दोन उंचवटे मोडावे लागतात. बाहेर वाढवायचा तर नानांची चार गुंठे पट्टी लागते, पऱ्हाटी असलेलीच. अध्यक्षांना पट्टी हवी आहे, मेकॅनिक मंडळींना ट्रॅक आत घेणे जास्त सुरक्षित वाटते. नानांनी भाडे सांगितले आहे, आप्पांच्या दराच्या तिप्पट, आणि करार वर्षावर्षाचाच.